डोळे मिटून गणित करणारं यंत्र

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू घेण्याआधी तिची बाजू घ्यायची सवय आहे. सायकल असो की कूलर, वस्तू दारात यायच्या महिनाभर आधी तिचं वकीलपत्र घरात येतं. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तोही असाच. (मी त्याला तोंडावर 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणायची हौस इथे भागवून घेते.)

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. तो वीज खात्यात इंजिनिअर, मी उत्तर नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. घरात आम्ही चौघं: आम्ही दोघं, माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणत असे, आणि सासू, म्हणजे आत्याबाई. मामाजींची सगळी नोकरी कापडगिरणीत गेली होती. छप्पन साली दीक्षा घेऊन ते घरी आले आणि पुढच्याच जूनमध्ये त्यांनी मुलाला शाळेत घातलं. संध्याकाळी मुलाचा अभ्यास झाला की त्याचीच पाटी घेऊन स्वतः अक्षरं गिरवायचे. त्यामुळे मुलगा इंजिनिअर झाला तरी आपण त्याचे वर्गबंधू आहोत असंच त्यांना वाटे, आणि वर्गबंधूची थट्टा करायचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही.

नवऱ्यानं टपालानं सुटे भाग मागवले आणि दोन रविवार खपून मशीन जोडलं. जोडून झाल्यावर ते मोठ्या कंपासपेटीएवढं दिसत होतं. काळं, चपटं. बटणं म्हणावीत तर तीही नव्हती. प्लास्टिकच्या पत्र्यावर नुसती अक्षरं छापलेली, दाबलं की नाही ते बोटाला कळत नसे. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून आमचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्याला जोडला. काही साठवून ठेवायची सोय नव्हती, म्हणून आत्याबाई ज्याच्यावर भीमगीतं ऐकत तो टेपरेकॉर्डरही गेला. एका कंपासपेटीनं दिवाणखान्यातल्या दोन्ही मौल्यवान वस्तू ताब्यात घेतल्या.

"यातला प्रोसेसर म्हणजे मेंदू," नवरा आम्हा तिघांना समोर बसवून म्हणाला. "आणि हा मेंदू महागड्या मशीनमध्ये असतो ना, तोच आहे. अगदी तोच. सेकंदाला लाखो कामं करतो."

"मग हे सस्त कसं मिळालं?" मामाजींनी विचारलं.

हा प्रश्न त्याला नको होता. महागड्या मशीनमध्ये पडद्यावर चित्र काढायला वेगळी चिप असते, हे त्याला सांगावं लागलं. आमच्या मशीनमध्ये बचत म्हणून ते कामही त्याच एका मेंदूवर टाकलं होतं. हिशेबही त्यानंच करायचा आणि टीव्हीवर अक्षरंही त्यानंच दाखवत राहायची.

"म्हणजे सुनेसारखं," आत्याबाई म्हणाल्या. "सैपाकही तिनंच करावा आन् पाहुण्याशी बोलावं बी तिनंच."

त्या क्षणापासून मला त्या मशीनबद्दल आपुलकी वाटू लागली.

पहिलं प्रात्यक्षिक रविवारी सकाळी झालं. प्रोग्रॅम कॅसेटवर होता. टेप सुरू केली की तिच्यातून किर्रर्र असा कानात सुई टोचल्यासारखा आवाज येई, आणि तो आवाज मशीननं पाच-सहा मिनिटं ऐकायचा. आवाज जरा मोठा असला तरी त्याला कळत नसे, जरा लहान असला तरी कळत नसे. चौथ्या खेपेला एकदाचं कळलं. नवऱ्यानं दोन अधिक दोन टाकले. पडद्यावर चार आले.

मामाजी बराच वेळ त्या चाराकडे बघत राहिले. "चारच?" ते म्हणाले. "एवढं बोंबलून चारच आले?"

नवऱ्याला मशीनबद्दल बोलायला आवडे, मशीनला काम सांगायला मात्र धीर नसे. आठवडाभरात तो त्याची तुलना मुंबईच्या, दिल्लीच्या, अमेरिकेच्या मशीनशी करण्यात रमला आणि प्रत्यक्ष मशीन माझ्याकडे आलं. सोबतच्या पुस्तकावरून मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. मग एक गंमत लक्षात आली. मशीनला 'फास्ट' असा हुकूम देता येई. तो दिला की प्रोसेसर पडद्याचं काम सोडून देई, पडदा पूर्ण काळा होई, आणि सगळी ताकद हिशेबाला लागे. चौपट वेगानं उत्तर काढून तो पुन्हा पडद्यावर हजर होई.

पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हा मामाजी घाबरले. "काहून वं, मेलं का हे?"

"नाही मामाजी, विचार करतंय."

"असं होय. इचार करताना डोये मिटून राहिलं." त्यांना ते पटलं. "आमचा गिरणीतला हेड जॉबर बी असाच होता. डोये मिटून बसे, लोक म्हणत झोपला. उठला की बरोबर सांगे कोन्त्या लूमवर धागा तुटून राहिला."

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. बिघडलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. माझा नवरा प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं आमच्या हेडबाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सांगून टाकलं, "यंदा नववीचा निकाल तुम्ही हातानं कशाला करता? आमचा कॉम्प्युटर तीन मिनिटांत करील."

आमच्या शाळेत निकाल ही साधी गोष्ट नव्हती. तो एकच बाई करत. इतिहास शिकवायच्या, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्या शाळेचं निकालपत्रक करत आल्या होत्या. निळ्या शाईनं गुण, लाल पेन्सिलीनं नापासाची रेघ, आणि बेरीज नेहमी खालून वर. "वरून खाली बेरीज करणारा माणूस घाईत असतो," असं त्या म्हणत. त्यांची घाई कुणी पाहिली नव्हती आणि चूकही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या. "तुमचे यजमान फार उत्साही आहेत," एवढंच म्हणाल्या. मग थोडं थांबून, "करा तुम्ही. मीही करते. दोन्ही ताडून बघू."

आता मागे फिरायची सोय नव्हती. नववीच्या तीन तुकड्या, दीडशेच्या आसपास मुली, प्रत्येकीचे आठ पेपर. मी प्रोग्रॅम लिहिला. मशीननं प्रत्येकीची बेरीज करायची, पास-नापास ठरवायचं आणि मग सगळ्यांना गुणांप्रमाणे क्रमानं लावायचं. खोटे गुण घालून चालवून पाहिलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मी भाजी चिरली, आत्याबाईंनी पोळ्या लाटल्या, मामाजी दोनदा येऊन 'उठलं का?' विचारून गेले. दहाएक मिनिटांनी उत्तर आलं.

"तीन मिनिटं म्हणाला होतात," मी नवऱ्याला म्हटलं.

"प्रोसेसरचा दोष नाही," तो लगेच म्हणाला.

आणि पंचाईत अशी की तो खरं बोलत होता. मी मशीनला शेजारच्या दोन मुली घेऊन त्यांची अदलाबदल कर, मग पुढच्या दोन घे, असं सांगितलं होतं. कवायतीच्या रांगेत शेजारणीशी उंची ताडत एकेक पाऊल सरकवल्यासारखं. एवढ्या मुलींना तसं लावायचं तर कुणालाही वेळ लागणार. मी रीत बदलली. आधी लांब लांबच्या मुली ताडायच्या, मग जवळच्या. तोच मेंदू, तेवढाच वेग, पण काम तीन मिनिटांच्या आत आलं. मला इतका आनंद झाला की मी ते नवऱ्याला सांगितलं. ती चूक झाली. पुढचे चार दिवस तो ऑफिसात 'आम्ही प्रोग्रॅम सुधारला' असं सांगत होता.

खरे गुण हाती आले तेव्हा एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला होता. नागपूरचा एप्रिल. दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसे. मशीन आधीच तापणारं, त्यात हे ऊन. अर्धा तास चाललं की पडद्यावर भलतीच अक्षरं नाचू लागत आणि सगळं ठप्प. नवऱ्यानं ते कूलरसमोर ठेवलं. खसच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा लागताच मशीननं आणखी वेगळी अक्षरं दाखवली.

"ओली हवा धाग्याले चांगली, मोटारीले नाही," मामाजी म्हणाले. गिरणीतलं ज्ञान होतं ते. "अन् उन्हात काम कायले करतं? पहाटे कर. भर उन्हात मानूस तरी धावते का?"

म्हणून आम्ही पहाटे उठू लागलो. मशीनची मागची डावी बाजू सगळ्यात जास्त तापे. तिच्यावर आत्याबाईंनी सपाट बुडाचा एक लहान गंज, म्हणजे पातेलं, ठेवला, माठातल्या पाण्यानं अर्धा भरलेला. पाणी कोमट झालं की बदलायचं. कपाळावर पट्टी बदलावी तसं त्या ते करत. शेजारीण दूध घ्यायला उठली, खिडकीतून डोकावली आणि म्हणाली, "काय वं, तुह्या पोराच्या मशीनले ताप आला का?"

"हाव," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "नववीत गेलं ना."

गुण भरायचं काम असं चाले: मामाजी चष्मा लावून कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचत, मी टाकत असे. तीन दिवस पहाटे काम झालं. दोन तुकड्या भरून झाल्या, तिसरी अर्धी. त्या दिवशी नवऱ्याचा एक सहकारी सकाळीच आला आणि नवऱ्याला त्याला मशीनची मागची बाजू दाखवायची होती. तिथे मेमरीची एक वेगळी डबी खोचलेली असे. मूळ मशीनला अगदी चिमूटभर मेमरी होती आणि सगळी भिस्त त्या डबीवर.

"हिच्यात सोळा हजार अक्षरं मावतात," असं म्हणत त्यानं तिला बोट लावलं.

डबी केसाएवढी हलली. पडदा पांढरा झाला. सोळा हजारांपैकी एकही अक्षर उरलं नाही. कॅसेटवर साठवलेलं होतं, पण आदल्या दिवसाची टेप मशीनला पुन्हा कळेचना, कळली ती पहिल्या दिवसाचीच.

मी उठून आत गेले. माझ्या पाठीमागे सहकारी 'निघतो' म्हणाला. मामाजींचा आवाज आला, "बोट लावाले काय झालं होतं रे तुले?" पस्तिशीच्या इंजिनिअरला त्यांनी पाटी फोडल्यावर विचारावं तसं विचारलं. दुपारपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही. त्यानं न सांगता पोहे केले, त्यात मीठ दोनदा घातलं, मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून ती डबी मशीनला अशी आवळून बांधली की पुढे भूकंप झाला असता तरी हलली नसती. दुसऱ्या दिवसापासून पहाटे तोही उठू लागला. त्याला काम एकच दिलं होतं, दर तासाला कॅसेटवर साठवायचं. बोट कुठे लावायचं नाही.

शेवटी निकाल लागला. तीन मिनिटांत, त्यानं म्हटलं होतं तसाच. छापायचं यंत्र नव्हतं, म्हणून पडद्यावरचे आकडे बघून मी आणि मामाजींनी ते दोन दिवस सकाळी बसून कागदावर उतरवून काढले. तीन मिनिटांत हे दोन दिवस धरायचे नाहीत असं नवऱ्याचं म्हणणं होतं. प्रोसेसरचा दोष नाही.

शिक्षकखोलीत टेबलाच्या एका बाजूला निकालाच्या बाई त्यांचं मोठं पत्रक घेऊन बसल्या, दुसऱ्या बाजूला मी. हेडबाई मध्ये. एकेक ओळ ताडू लागलो. पहिला फरक लगेच आला. शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी माझ्या यादीत खालून नववी होती. तिला विज्ञानात एक्याण्णव होते, माझ्या यादीत नऊ. इंग्रजीतल्या सत्याऐंशीचे आठ झाले होते, भूगोलातही तसंच. त्या ओळीत दुसऱ्या आकड्याचं बटण लागलंच नसावं आणि मी पडद्याकडे न बघता पुढे गेले होते. शिक्षकखोली खळखळून हसली. मीही हसले, कान मात्र तापले. दुसरा फरक आला, तोही माझाच.

तिसऱ्या फरकाला कुणी पत्रकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हीपण मशीनचीच," हेडबाई म्हणाल्या आणि पान उलटायला हात घातला.

ती 'क' तुकडीतली मुलगी होती. भिवापूरकडच्या खेड्यातली, इथे मावशीकडे राहून शिकणारी. बाईंच्या पत्रकात गणितात नापास, माझ्या यादीत काठावर पास. तिचे बीजगणिताचे आणि भूमितीचे पेपर मीच तपासले होते. "एक मिनिट," मी म्हटलं. "सोळा आणि एकोणीस."

बाईंनी पत्रक स्वतःकडे ओढलं. पेन्सिलीचं टोक खालच्या आकड्यावर ठेवलं, मग वरच्या. पुन्हा खालच्या. पुढे त्यांनी जे केलं ते मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं, वरून खाली बेरीज केली. पत्रकात पंचवीस लिहिले होते. लाल रेघ ओढलेली होती, पट्टी लावून, अगदी सरळ.

"हातचा राहिला माझा," त्या म्हणाल्या.

त्यांनी रेघ खोडली, पस्तीस लिहिलं, शेजारी सही केली, तारीख घातली. हेडबाई म्हणाल्या, "अहो, एवढ्यांत एखादी व्हायचीच." बाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. चष्मा काढून त्या पुसत राहिल्या. खोलीबाहेर पडताना मला म्हणाल्या, "ती नापास झाली असती तर घरी मिरच्या खुडायला बसली असती. तिचा बाप मला सांगून गेला होता." आणि दारात थांबून, "किती वर्षांचे किती हातचे राहिले असतील हो?"



एक मे रोजी निकाल वाटला. 'क' तुकडीतली ती मुलगी आपलं प्रगतिपुस्तक घेऊन सगळ्यांसारखीच हुंदडत निघून गेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही.

तीन दिवसांनी पहाटे आमच्या दारात सायकलरिक्षा थांबली. बाई उतरल्या. मागोमाग रिक्षावाल्यानं जुन्या निकालपत्रकांचा गठ्ठा उतरवला. शाळेच्या कपाटातून हेडबाईंच्या परवानगीनं आणला होता. "तुमचं मशीन पहाटे काम करतं असं ऐकलं," त्या म्हणाल्या.

त्या सुट्टीत त्या पंधरा-सोळा दिवस पहाटे आमच्याकडे आल्या. मामाजींचं आकडे वाचायचं काम त्यांनी घेतलं, तेव्हा मामाजींनी तक्रार केली की आपल्याला न विचारता बदली झाली. मग दोघं आळीपाळीनं वाचू लागले. बाई वाचत तेव्हा उच्चार इतका स्वच्छ असे की शेजारच्या पोरांना पाढे ऐकल्यासारखे वाटत. पडदा काळा झाला की त्या पदर सावरून ताठ बसत. पहिल्या दिवशी त्यांनी मामाजींना विचारलं, "हे असं किती वेळ चालतं?"

"इचार करून राहिलं बाई ते," मामाजी म्हणाले. "तुमी तवर चहा घ्या."

पाच वर्षांची पत्रकं तपासून झाली. बेरजेच्या दोन चुका सापडल्या, दोन्ही पहिल्या दहांतल्या मुलींच्या, एकीचा तिसरा नंबर दुसरा व्हायला हवा होता. नापासाच्या बाजूला एकही नाही. त्याआधीची पत्रकं वाळवीनं खाल्ली होती. शेवटच्या दिवशी बाईंनी यादी दोनदा वाचली. मग आत्याबाईंना म्हणाल्या, "आज चहात साखर जरा जास्त घाला." त्या पहिल्यांदाच आमच्याकडे पोहे खाऊन गेल्या. सुदैवानं ते मी केले होते.

पुढची दोन वर्षं निकाल दोन्हीकडे झाला, त्यांच्या पत्रकात आणि आमच्या मशीनवर. दुसऱ्या वर्षी माझ्या चुका तीन, त्यांची एकही नाही. हे त्यांनी निवृत्तीच्या भाषणात सांगितलं.

त्यानंतर शाळेला स्वतःचा कॉम्प्युटर मिळाला, वातानुकूलित खोलीसकट. आमचं मशीन रिकामं झालं. मामाजींची फार दिवसांची इच्छा होती की तो मेंदू डोळ्यांनी बघावा. एका सकाळी नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि बोट दाखवलं, यावेळी लांबूनच. काळ्या गोमेसारखा लांबट तुकडा, दोन्ही बाजूंना बारीक पाय.

मामाजींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "एवढुसाच?" ते म्हणाले. "अन् याच्यात दीडशे पोट्ट्या मावल्या?"

"मावल्या," नवरा म्हणाला. पुढे तो बराच वेळ समजावणार होता, पण मामाजी अजून वाकून बघतच होते, म्हणून तोही शेजारी वाकला.

झाकण परत बसवताना बटणांचा पत्रा मशीनला जोडणारी पट्टी नवऱ्याच्या हातून तुटली. ती वाळून ठिसूळ झाली होती, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून मशीनला कुणी काही सांगू शकलेलं नाही. ते माळ्यावर आहे. मी ते भंगारात द्यायचं नाव काढलं की तो आजही हात आडवा करतो.

"प्रोसेसर ठणठणीत आहे," तो म्हणतो.